छप्पर कुणाचं बदलायचं? डेट्रॉइटचा महामारी निधी आणि पात्रतेच्या अटी

11 मार्च 2021 रोजी अमेरिकेत ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’ या कोविड मदत कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहराच्या वाट्याला 82 कोटी 67 लाख डॉलर आले. याच शहराने 2013 च्या जुलैमध्ये सुमारे 1,800 कोटी डॉलरच्या देण्यांपायी दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तोवर अमेरिकेतल्या कुठल्याही शहराचं एवढं मोठं दिवाळं निघालेलं नव्हतं. आठ वर्षांनी त्याच शहराच्या तिजोरीत एवढी रक्कम आली, आणि तीही परतफेडीशिवाय.

या पैशाची गोष्ट बहुतेक वेळा रकमांच्या यादीतून सांगितली जाते: उद्यानांना इतके, पोलिसांना इतके, घरदुरुस्तीला इतके. यादी खोटी नसते, पण तिच्यातून फारसं काही कळत नाही. हे प्रकरण मी जसजसं वाचत गेलो तसतसं मला पटत गेलं की खरी वाटणी अर्जाच्या पहिल्या पानावर झाली. कोण अर्ज करू शकतो, कुठला कागद लागतो, कुठल्या यादीत आधीपासून नाव असावं लागतं, या तीन-चार ओळींनी ठरवलं की पावसाळ्यात कुणाच्या घरात गळेल आणि कुणाच्या नाही. म्हणून हा लेख रकमांपेक्षा अटींबद्दल जास्त आहे.

एवढे पैसे डेट्रॉइटला का मिळाले

पहिली अट वॉशिंग्टनमध्ये लिहिली गेली, आणि तीही या कायद्याच्या चव्वेचाळीस वर्षं आधी.

राज्यं, परगणे, शहरं आणि आदिवासी शासनं मिळून 35,000 कोटी डॉलर वाटायचे होते. त्यातले 4,557 कोटी मोठ्या शहरांसाठी होते. ते कुणाला किती, हे ठरवायला संसदेने नवं सूत्र बनवलं नाही. शहरविकासासाठी 1974 पासून दिल्या जाणाऱ्या ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट’ या जुन्या अनुदानाचं सूत्र उचललं. त्या सूत्राला 1977 मध्ये एक दुसरी शाखा जोडली गेली होती. तिच्यात 1940 पूर्वी बांधलेल्या घरांना निम्मं वजन आहे, गरिबीला 30 टक्के, आणि उरलेलं 20 टक्के वजन लोकसंख्या वाढण्यात शहर किती मागे पडलं याला. दोन्ही शाखांपैकी जिच्यात शहराला जास्त मिळेल ती लागू होते.

हे वजन जणू डेट्रॉइटकडे पाहूनच ठरवलं होतं. 1960 मध्ये शहराची लोकसंख्या 16 लाख 70 हजार होती. 2020 च्या जनगणनेत ती 6,39,111 भरली. घरं जुनी, गरिबी खोल, आणि लोक निघून गेलेले. परिणाम असा की ॲरिझोनातल्या फिनिक्सला 16 लाख लोकसंख्येमागे सुमारे 39 कोटी 60 लाख डॉलर मिळाले, म्हणजे माणशी अडीचशेच्या आसपास, आणि डेट्रॉइटला माणशी जवळपास 1,300. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया या महानगरांनंतर पाचवा वाटा डेट्रॉइटचा होता.

या सूत्रात कोविड कुठेच नाही. किती लोक आजारी पडले, किती दगावले, किती नोकऱ्या गेल्या यातलं काहीही शहराचा वाटा ठरवत नाही. तरी डेट्रॉइटच्या बाबतीत सूत्राने बरोबर माणसाला हात दिला, कारण जुन्या घरांत दाटीवाटीने राहणारी गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्ती आणि विषाणूने झोडपलेली वस्ती एकच होती. मे 2020 च्या सुरुवातीलाच शहरातल्या मृतांचा आकडा हजाराच्या वर गेला होता. त्याआधी, 17 मार्चला, शहर बससेवेचे चालक सुरक्षेच्या मागणीसाठी कामावर आले नाहीत. पुढे महापालिकेने भाडं बंद केलं आणि प्रवाशांना मागच्या दाराने चढायला सांगितलं. एक चालक पंधरवड्यात कोविडने गेला. हे शहर सोसत होतं, याबद्दल वाद नाही. पण जुनं गाऱ्हाणं मोजणाऱ्या सूत्राने नव्या संकटाचा पैसा वाटला, हे लक्षात ठेवायला हवं. कारण पुढे नागरिकांनीही तेच केलं: नव्या पैशासमोर जुनी गाऱ्हाणी मांडली.

तिजोरीतलं भगदाड

एप्रिल 2020 मध्ये महापौर माइक डगन यांनी जाहीर केलं की जून 2021 पर्यंत शहराला 34 कोटी 80 लाख डॉलरची तूट येणार. (मराठी वाचकासाठी एक खुलासा इथेच करतो: डेट्रॉइटचा महापौर थेट लोकांतून निवडला जातो आणि आपल्याकडे आयुक्ताच्या हाती असते ती कार्यकारी सत्ता त्याच्याकडे असते. नऊ सदस्यांची सिटी कौन्सिल अंदाजपत्रक आणि करार मंजूर करते.)

तूट कुठून आली ते समजलं की पुढचा निम्मा निर्णय समजतो. शहरात तीन कॅसिनो आहेत आणि महामारीपूर्वी त्यांच्याकडून वर्षाला सुमारे 18 कोटी डॉलर येत. ते 16 मार्च 2020 ला बंद झाले ते ऑगस्टमध्ये, अर्ध्या दमाने उघडले. दुसरा मोठा आधार म्हणजे शहराचा आयकर. रहिवाशांना 2.4 टक्के, आणि बाहेर राहून शहरात नोकरीला येणाऱ्यांना 1.2 टक्के. हे दुसरे लोक मार्चमध्ये घरी बसून काम करू लागले, आणि ज्या दिवशी काम शहराबाहेर झालं त्या दिवसाचा कर शहराला लागत नाही. ट्रॉय, नोव्हाय, कँटन या उपनगरांत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना हा कर पगारपत्रकावरून ठाऊक असेल. ज्या वर्षी ते जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले, त्या वर्षी डेट्रॉइटच्या उत्पन्नाचा एक हिस्सा त्यांच्याबरोबर उपनगरात राहिला. कुणी काही चुकीचं केलं नाही, तरी शहराचं उत्पन्न बुडालं.

2020 च्या ‘केअर्स’ या आधीच्या कोविड मदत कायद्यातून शहराला 11 कोटी 69 लाख डॉलर आधीच मिळाले होते. पाच लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांनाच ते थेट मिळाले. पण त्या पैशाने बुडालेलं उत्पन्न भरून काढायला बंदी होती. कोविडसाठी झालेला खर्च दाखवा आणि तेवढाच भरून घ्या, असा तो प्रकार. 2021 च्या कायद्याने ही बंदी उठवली. शहराने आपलं महामारीपूर्व वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, ते दरसाल एका ठरलेल्या दराने वाढलं असतं असं धरायचं (आधी 4.1 टक्के, जानेवारी 2022 च्या अंतिम नियमांत 5.2), आणि प्रत्यक्ष उत्पन्न त्यातून वजा करायचं. जो फरक येईल तेवढी रक्कम जवळपास कुठल्याही शासकीय सेवेवर खर्च करता येते. मनाई मोजक्या गोष्टींना: कर्जफेड, पेन्शन फंडात जादा भरणा, राखीव गंगाजळी.

डेट्रॉइटने सुमारे 25 कोटी डॉलर या शीर्षाखाली घेतले. शहरातल्या अनेक कार्यकर्त्यांना हे खटकलं. लोकांसाठी आलेला पैसा महापालिकेने आपल्या पगारांवर खर्च केला, असा सूर होता. मला ही टीका अर्धीच पटते. दिवाळखोरीच्या काळात याच शहरात रस्त्यांवरचे दिवे बंद होते, रुग्णवाहिका वेळेवर येत नव्हत्या, आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला कात्री लागली होती. ते दिवस पुन्हा येऊ नयेत म्हणून आधी घर सावरणं चूक म्हणता येत नाही. 2024 च्या मार्चमध्ये मूडीज या पतमापन संस्थेने डेट्रॉइटला 2009 नंतर पहिल्यांदा गुंतवणूकयोग्य दर्जा दिला, त्यामागे हा सांभाळून केलेला कारभारही आहे. टीकेचा दुसरा अर्धा भाग मात्र पटतो. उत्पन्नभरपाईच्या शीर्षाखाली गेलेल्या पैशाचा माग काढणं सर्वांत अवघड. तो पगारात विरघळतो. आणि पगार संघीय पैशातून गेले की शहराचा स्वतःचा तेवढा पैसा मोकळा होतो, मग तो कुठे जातो हे विचारायचा अधिकार संघीय नियमांना उरत नाही.

बैठका आणि त्यात निघालेलं जुनं गाऱ्हाणं

2021 च्या मे-जूनमध्ये महापालिकेने साठहून अधिक बैठका घेतल्या, बऱ्याचशा झूमवर. लोक बोलले. घरं गळताहेत, भाडं परवडत नाही, रिकाम्या इमारती पाडा, पोरांना काम द्या. आणि एक मुद्दा पुन्हा पुन्हा आला: आमच्याकडून जास्त घेतलेला घरपट्टीचा पैसा परत करा.

मिशिगनच्या घटनेनुसार घराचं करपात्र मूल्यांकन बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त असू शकत नाही. 2008 च्या मंदीनंतर डेट्रॉइटमधल्या घरांचे भाव कोसळले, पण महापालिकेची मूल्यांकनं खाली आली नाहीत. ‘डेट्रॉइट न्यूज’ने जानेवारी 2020 मध्ये केलेल्या हिशेबानुसार 2010 ते 2016 या काळात घरमालकांकडून किमान 60 कोटी डॉलर जादा वसूल झाले. हजारोंनी थकबाकीपायी घरंही गमावली. शहराने सगळ्या मिळकतींचं फेरमूल्यांकन 2017 मध्ये पूर्ण केलं, पण तोवर ज्याचं घर जायचं होतं ते गेलं होतं.

त्यामुळे 82 कोटी आल्याची बातमी ऐकून लोकांनी काय मागावं, हे उघड होतं. महापालिकेची भूमिका अशी की हे शक्य नाही. राज्याचा कायदा जुन्या कराची अशी परतफेड करू देत नाही, आणि संघीय निधी महामारीने केलेल्या नुकसानीसाठी आहे, त्याआधीच्या अन्यायासाठी नाही. कायद्याच्या भाषेत दुसरा मुद्दा भक्कम होता. पण ज्या आजीचं घर 2014 मध्ये गेलं आणि जी 2020 मध्ये दोन खोल्यांत आठ माणसांबरोबर राहत असताना आजारी पडली, तिला हे दोन अन्याय वेगळे कसे करून दाखवायचे? तिचं घर राहिलं असतं तर ती तिथे एकटी राहिली असती.

29 जून 2021 रोजी कौन्सिलने योजना मंजूर केली. पैसे सुमारे पंधरा लेखाशीर्षांत विभागले गेले. पिढ्यानपिढ्यांची गरिबी, वस्तीसुधार, रोजगार, छोटे उद्योग, बेघरांसाठी सेवा, उद्यानं, सार्वजनिक सुरक्षा, इंटरनेट, पडक्या इमारती. शीर्ष मंजूर म्हणजे पैसा खर्च असं नव्हतं. त्यातला प्रत्येक मोठा करार पुन्हा कौन्सिलपुढे यायचा होता, आणि पुढची तीन वर्षं खरी झटापट त्या करारांवर झाली. बंदुकीचा आवाज टिपून पोलिसांना कळवणाऱ्या ‘शॉटस्पॉटर’ यंत्रणेचा विस्तार हे त्यातलं सर्वांत तापलेलं प्रकरण. हा खर्च या निधीतून करायचा प्रस्ताव आला तेव्हा लोक कौन्सिलपुढे तासन्‌तास बोलले. ऑक्टोबर 2022 मध्ये विस्ताराला मंजुरी मिळाली ती 5 विरुद्ध 4 मतांनी.

हजार छपरं

घरदुरुस्तीच्या योजनेवर मला जास्त थांबायचं आहे, कारण अटीचं वजन इथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

योजनेचं नाव ‘रिन्यू डेट्रॉइट’. सुरुवातीची तरतूद 3 कोटी डॉलर. उद्दिष्ट 1,000 घरांचं, पुढे राज्याचे पैसे जोडून ते सुमारे 2,000 पर्यंत गेलं. पहिल्या टप्प्यात फक्त छपरं, नंतर छपरं आणि खिडक्या. महापालिकेने एका घराची एकच मोठी दुरुस्ती करायची ठरवलं, आणि तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. छप्पर गळत असलं तर आतलं काहीही नीट करण्यात अर्थ नसतो. आधी पाणी थांबवलं पाहिजे.

ऑक्टोबर 2021 मध्ये अर्ज खुले झाले. अट काय होती? अर्जदार घराचा मालक हवा, त्याच घरात राहणारा हवा, वय 62 च्या वर किंवा अपंगत्व हवं, आणि त्याला ‘होप’ नावाची मालमत्ता कर सवलत मंजूर झालेली हवी. ही सवलत कमी उत्पन्नाच्या घरमालकांना दरवर्षी अर्ज करून मिळते.

प्रशासनाच्या बाजूने पाहिलं तर ही शेवटची अट म्हणजे मोठी सोय. ज्याला ‘होप’ सवलत आहे त्याचं उत्पन्न तपासलेलं आहे, मालकी तपासलेली आहे, पत्ता तपासलेला आहे. वॉशिंग्टनला दर तिमाहीला अहवाल द्यायचा असताना, पुन्हा सगळी कागदपत्रं मागवण्यात वर्ष गेलं असतं. तपासलेली यादी हाताशी आहे, तिच्यातूनच निवडा. त्या घाईत मीसुद्धा बहुधा हेच सुचवलं असतं.

पण ती यादी तयार कशी झाली होती, तेही बघावं लागतं. ही सवलत कायद्याने गरीब घरमालकांची हक्काची होती, तरी कित्येक वर्षं बहुतेकांना तिची कल्पनाच नव्हती. अर्ज मिळवणं, नोटरी, कागद, मुदती. 2016 मध्ये नागरी हक्क संघटनांनी या कारणावरून खटला भरला आणि 2018 च्या तडजोडीत महापालिकेला प्रक्रिया सोपी करावी लागली. म्हणजे ज्या यादीवर 2021 चं छप्पर अवलंबून होतं, ती यादीच तीन वर्षांपूर्वीपर्यंत अर्धवट होती. ज्याला कर सवलतीची माहिती पोचली नाही त्याला छपराची संधीही गेली. त्याखेरीज आणखी एक मोठा गट बाहेर राहिला: आई-वडील गेले, मुलं त्याच घरात राहतात, पण खरेदीखत अजून मृतांच्या नावावर. डेट्रॉइटमध्ये अशी घरं पुष्कळ आहेत. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव असलेल्या घरांत जे होतं, तेच तिथे झालं. राहणारा माणूस आहे, छप्पर गळतंय, पण कागदावर मालक नाही.

आणि भाडेकरू? ते योजनेत नव्हतेच. घरमालकाच्या छपरावर सार्वजनिक पैसा घालायचा का, हा प्रश्न अवघड आहे. तो या योजनेने हाताळायचा प्रयत्न केला नाही.

ज्यांना छप्पर मिळालं त्यांच्या दृष्टीने ही मदत खरी होती आणि मोठी होती. पेन्शनवर जगणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला वीस-एक हजार डॉलरचं छप्पर स्वतःच्या पैशाने कधीच झालं नसतं. बांधकामाच्या मालाचे भाव त्याच वर्षी चढले, चांगले ठेकेदार मिळेनात, काम रेंगाळलं, तरी छपरं झाली. माझा आक्षेप योजनेवर नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की शहरात दुरुस्तीची गरज असलेल्या घरांच्या तुलनेत 2,000 हा आकडा फार लहान होता, आणि अशा वेळी कोण आत येणार हे ठरवणारी अट ही तांत्रिक बाब राहत नाही. ती चर्चा साठ बैठकांत व्हायला हवी होती. बैठकांत शीर्षांची चर्चा झाली. अटी नंतर, कार्यालयात लिहिल्या गेल्या.

मागच्या दाराने

2023 मध्ये महापालिकेने पहिलं घर घेणाऱ्यांसाठी सुरुवातीची रक्कम देणारी योजना काढली. पहिल्या फेरीला 60 लाख डॉलर, एका कुटुंबाला 25,000 डॉलरपर्यंत. पात्र कोण? जो गेले बारा महिने डेट्रॉइटमध्ये राहतो आहे तो, किंवा ज्याचं डेट्रॉइटमधलं घर 2010 ते 2016 दरम्यान करथकबाकीत गेलं तो.

दुसरा पर्याय पुन्हा वाचावा. 2010 ते 2016. तीच वर्षं. ज्या नुकसानीची भरपाई थेट करता येत नाही असं सांगितलं गेलं होतं, तिला पात्रतेच्या अटीत एक ओळ मिळाली. भरपाई म्हणून नाही, तर पुन्हा घर घेण्याची मदत म्हणून. परवडणारं घर मिळवून देणं हे संघीय नियमांत बसत होतं, जुना कर परत करणं बसत नव्हतं. ज्याने कुणी ती ओळ लिहिली त्याला शहराची जखम कुठे आहे ते माहीत होतं.

याला मी न्याय म्हणणार नाही. साठाव्या वर्षी पुन्हा गृहकर्ज घेण्याची ऐपत कितींना असते? ज्यांची घरं गेली त्यातल्या बहुतेकांना बँक दारात उभं करत नाही. पण अटीची ताकद दोन्ही बाजूंनी चालते, हे या एका योजनेतून दिसतं. एका ओळीने लोक बाहेर राहतात, तसे एका ओळीने आत येतात. मागणी एवढी होती की पुढे आणखी फेऱ्या काढाव्या लागल्या.

पाऊस, कारखाना, बंदुका

कौन्सिलने योजना मंजूर केली त्याच्या तीनच दिवस आधी, 25 आणि 26 जूनच्या रात्री, शहरात काही भागांत सहा इंचांहून जास्त पाऊस पडला आणि हजारो तळघरांत सांडपाणी उलटं शिरलं. हा प्रश्न महामारीचा नव्हता. पण निधीच्या नियमांत पाणी आणि सांडपाण्याच्या सोयींना वेगळी जागा होती, त्यामुळे दीड कोटी डॉलरची एक योजना उभी राहिली: घराच्या वाहिनीवर पाणी उलटं येऊ न देणारी झडप आणि तळघरातलं पाणी उपसणारा पंप बसवायचा. यातही आधी कुठल्या वस्त्या, हा प्रश्न आला आणि सर्वाधिक पाणी भरलेल्या भागांना पहिला मान मिळाला. इथे अट सरळ होती आणि तिच्यावर फार वादही झाला नाही.

पडक्या औद्योगिक इमारतींसाठी साडेनऊ कोटींची तरतूद होती. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी 25 कोटींच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली होती, पण ते पैसे पडक्या घरांसाठी होते. कारखाने, दुकानं, गोदामं त्यात येत नव्हती. ती पोकळी या निधीने भरली. पॅकार्ड मोटारींचा प्रचंड कारखाना, ज्याचं छायाचित्र गेली कित्येक वर्षं डेट्रॉइटच्या ऱ्हासाचा पुरावा म्हणून जगभर छापलं गेलं, तो न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर 2022 पासून पाडायला घेतला आणि 2024 च्या अखेरीस काम संपलं. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्यांसाठी तो देखावा कधीच रम्य नव्हता.

‘शॉटस्टॉपर्स’ ही योजना मला सर्वांत विचारपूर्वक आखलेली वाटते. 2023 मध्ये या निधीतून 1 कोटी डॉलर बाजूला काढून वस्त्यांतल्या संघटनांना गोळीबार रोखण्याचं काम दिलं. प्रत्येक संघटनेला शहराचा तीन-चार चौरस मैलांचा एक पट्टा. दर तिमाहीला 1,75,000 डॉलर, आणि त्या पट्ट्यातला गोळीबार शहराच्या इतर भागांपेक्षा ठळकपणे जास्त घटला तर आणखी तेवढेच. काम कसं करायचं हे महापालिकेने सांगितलं नाही. कुणी तुरुंगातून सुटून आलेल्यांना मध्यस्थ म्हणून नेमलं, कुणी पोरांच्या घरी जाऊन बसलं, कुणी नोकऱ्या शोधून दिल्या. 2023 मध्ये शहरात 252 खून झाले, 1966 नंतरचा सर्वांत कमी आकडा. 2024 मध्ये 203. त्या दोन वर्षांत बंदुकीची हिंसा अख्ख्या अमेरिकेत घटली, म्हणून सगळं श्रेय या योजनेला देणं बरोबर होणार नाही. पण इथे पैशाची अट कागदावरून उचलून निकालाला बांधली होती, आणि संघटनांनी ती मान्य केली होती.

घर खाली करण्याच्या खटल्यांत गरीब भाडेकरूला वकील मिळावा, असा ठरावही कौन्सिलने मे 2022 मध्ये केला. त्यासाठी या निधीतून 60 लाख आणि गिल्बर्ट फॅमिली फाउंडेशन या खासगी संस्थेकडून 1 कोटी 20 लाख डॉलर उभे राहिले.

तारखेची अट

राहिली शेवटची अट: 31 डिसेंबर 2024 पर्यंत प्रत्येक डॉलर कुठल्या ना कुठल्या कराराला बांधलेला हवा, आणि 31 डिसेंबर 2026 पर्यंत प्रत्यक्ष खर्च झालेला हवा. बांधला नाही तर परत.

या तारखेने शेवटच्या वर्षात बरंच काही ठरवलं. मंद चालणाऱ्या योजनांतले पैसे काढून जिथे करार लवकर होईल तिथे वळवावे लागले. लवकर करार कुठे होतात? यंत्रसामग्रीची खरेदी, मोठा ठेकेदार, शहराचाच पगार. सावकाश काय चालतं? दारोदार जाऊन कागद गोळा करणं, वारसाचं खरेदीखत दुरुस्त करून देणं, अर्ज न भरता येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसणं. ज्या कामांना सर्वांत जास्त माणुसकी लागते त्यांच्यावर मुदतीचा काच सर्वांत जास्त बसतो. घरदुरुस्तीची यादी रुंद करायला, ‘होप’ नसलेल्यांना आधी ती सवलत मिळवून द्यायला आणि मग छप्पर द्यायला वेळ होता, तो 2021 आणि 2022 मध्ये. तेव्हा ते काम मोठ्या प्रमाणावर हाती घ्यायला हवं होतं असं मला ठामपणे वाटतं. 2024 उजाडल्यावर कुठल्याही अधिकाऱ्याने ते सुरू केलं नसतं, आणि त्याला दोषही देता आला नसता.

डगन तीन कारकिर्दी पूर्ण करून पायउतार झाले. नोव्हेंबर 2025 मध्ये कौन्सिलच्या अध्यक्ष मेरी शेफील्ड महापौरपदी निवडून आल्या. छप्पर एकदा बसवलं की बसवलं, पॅकार्ड एकदा पाडला की पाडला. त्यांना पुढच्या वर्षी पैसे लागत नाहीत. भाडेकरूंचे वकील, वस्तीतले मध्यस्थ, आठवड्यात तीन दिवस काम आणि दोन दिवस शिक्षण देणारी ‘स्किल्स फॉर लाइफ’ योजना यांना दरवर्षी लागतात. ते आता शहराच्या स्वतःच्या आयकरातून आणि कॅसिनोंच्या उत्पन्नातून काढावे लागतील, आणि त्यातलं काय चालू ठेवायचं हे त्याच नऊ जणांच्या कौन्सिलपुढे, दर अंदाजपत्रकाला, नव्याने येणार आहे.